पखवाजाचा दोन दिवसांचा उपास

सद्गुरू आत्मगीर महाराज त्या काळी वेळुखिंड गावच्या मठात राहत असत. मठ कसला, चार खणांची ओवरी, मागे मुरलीधराचे लहानसे देऊळ आणि पुढे एक चिंच. महाराजांची सारी मिळकत म्हणजे एक घोंगडी. ती उन्हाळ्यात अंथरायची, थंडीत पांघरायची, आणि कोणी फार ज्ञान सांगू लागला की तोंडावर ओढून घ्यायची! अशा या घोंगडीखालून महाराजांनी एकदा काय काढले, ते भाविकांनी ऐकावे.

महाराजांचा एक भक्त होता, म्हाळू गुरव. बापाच्या मागे देवळाची पूजा थोरल्या भावाकडे गेली आणि म्हाळूच्या वाट्याला बापाचा पखवाज आला. म्हाळू त्यावर खूश होता. तो कोणत्या फडाला बांधलेला नव्हता, कोणा संस्थानचा चाकर नव्हता. चैत्रात जत्रा, श्रावणात सप्ते, मार्गशीर्षात दत्ताचे उत्सव, असा बारा महिने तो गावोगाव एकटा हिंडे. पखवाज गोधडीत गुंडाळून पाठीशी बांधलेला असे. लांबून बायांना वाटे, पाठीवर मूलच आहे. "लेकरू का वो?" असे कोणी विचारले की म्हाळू म्हणे, "व्हय माय. लई हट्टी हाय. खाल्ल्याबिगर बोलत न्हाई."

आणि ते खरेच होते. पखवाजाच्या डाव्या पुडीला वाजवण्याआधी गव्हाची ओली कणीक थापावी लागते. ती असली तरच डावी बाजू मेघासारखी घुमते. नसली तर नुसते मडके! म्हणून म्हाळू कोणत्याही गावी पोचला की आधी कणीक मागे, मग पाणी. वाजवून झाले की ती कणीक खरवडून तो गाईला घाली. त्यामुळे कित्येक गावांत त्याला माणसांच्या आधी गाई ओळखत.

त्याचा आणखी एक नेम होता. ज्या गावचा उत्सव, त्या गावचा उपास. गाव जे व्रत पाळील ते आपण पाळायचे, मग वाजवायचे. नेम चांगलाच होता, पण एका वर्षी त्या नेमाने त्याला पुरते गोत्यात आणले.

माघाचा महिना होता. म्हाळूने नांदोशीला एकादशीच्या कीर्तनात पखवाजी दुसरा होता म्हणून टाळांवर साथ केली, दिवसभर कडकडीत उपास केला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून वेळुखिंडीची वाट धरली. महाराजांचा निरोप होता, "मुरलीधराचा उत्सव आहे, ये." पाच कोसांची चाल. पोटात कावळे ओरडत होते, पण म्हाळू मजेत होता. मठात आज पारण्याची पंगत असणार, भागूकाकूंच्या हातची पोळी, वर तुपाची धार! तो पोळ्या मोजतच खिंड उतरला.

मठात पाऊल टाकतो तो चूल थंडगार. मठाचे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या भागूकाकू शेंगदाणे निवडत बसल्या होत्या.

"काकू, आज पारणं न्हवं?"

"कसलं पारणं बाबा? आज एकादशी!"

"आवं, काल झाली की!"

"काल झाली ती स्मार्तांची. नांदोशीवाले ती धरतात. मठात भागवत एकादशी, ती आज. पंचांगात औंदा दोन आल्यात."

म्हाळू मटकन पायरीवर बसला. पण नेम तो नेम. त्याने तांब्याभर पाणी पोटात रिचवले आणि म्हणाला, "बरं, माझं ऱ्हाऊ द्या. लेकराला तरी मूठभर कणीक मळून द्या."

भागूकाकू उठतच होत्या, तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला, "खबरदार!"

हे होते विश्वंभरबुवा सांगवडेकर. एका संस्थानचे दरबारगवई. गळा तयारीचा, अंगावर शालजोडी, आणि गर्व एवढा की बुवा दारातून आत येण्याआधी तो आत येऊन बसत असे. उत्सवात ध्रुपद गायला ते आले होते. त्यांचा नेहमीचा पखवाजी वाटेत तापाने आडवा झाला, म्हणून महाराजांनी सांगितले होते, "आमचा म्हाळू आहे ना!" तेव्हापासून बुवांचे डोके भणभणत होते.

"एकादशीच्या दिवशी मठात गव्हाच्या पिठाला हात लावता? मुरलीधराच्या समोर?" बुवा म्हणाले.

"पन ती खायाची न्हाई बुवा, पखवाजाला लावायची," म्हाळू म्हणाला.

"धान्य ते धान्य! आज गव्हाचा एक कण या उंबऱ्याच्या आत आला तर मी गाणार नाही. परवापासून माझ्याही पोटात अन्न नाही. मी कधी कुरकुरलो?"

बिचाऱ्या भागूकाकू! दरबारच्या गवयापुढे त्या काय बोलणार? त्यांनी गुपचूप राजगिऱ्याचे पीठ मळले. "उपासाला हे चालतं. तुझ्या लेकराला चालतंय का बघ," असे म्हणत तो गोळा म्हाळूच्या हातावर ठेवला. ते पाहून बुवा पोट धरधरून हसले. "वा! पखवाजालाही उपास! त्याला आता जपमाळ द्या आणि गंध लावा!" जमलेली मंडळीही हसली. म्हाळूला फार लागले. स्वतःला कोणी हसले तर तो त्यांच्यात मिसळून हसे, पण बापाच्या पखवाजाला आजवर कोणी हसले नव्हते.

तिसऱ्या प्रहरी चिंचेखाली सारा गाव जमला. बुवा दुपारी ओढ्याकडे एकांतात जपाला गेले होते, तेही परतले आणि तंबोरा लावून बसले. महाराज खांबाला टेकून घोंगडी पांघरून डोळे मिटून होते. थोड्या वेळाने घोंगडीखालून घोरणेही ऐकू येऊ लागले.

बुवांनी सर्वांना ऐकू जाईल असे म्हटले, "गुरवा, मी बारा मात्रांच्या चौतालात गाणार. जत्रेतली धडधड इथे चालायची नाही. पखवाज मध्येच थांबला किंवा तुझी सम चुकली, तर हे वाद्य मुरलीधराच्या पायाशी ठेवायचं आणि जन्मात परत हात लावायचा नाही. आहे कबूल?"

सम म्हणजे तालाच्या फेऱ्याचे पहिले ठिकाण. गवई आणि पखवाजी वाटेत कुठेही भटकोत, तिथे दोघांनी एकदम यायचे असते. म्हाळूला ना बायको, ना पोर, ना घर. होता तो एवढा पखवाज. त्याने घोंगडीकडे पाहिले. घोरणे चालूच होते. तो मनात म्हणाला, 'महाराज, तुमी बोलावलंय, तुमीच बघा,' आणि मोठ्याने म्हणाला, "कबूल."

गाणे सुरू झाले. बुवा खरोखरच गुणी होते, त्यात शंका नको. पण त्यांना आज देवाला आळवायचे नव्हते, म्हाळूला पाडायचे होते. ते दुपटीत गेले, चौपटीत गेले, आडवळणाने गेले. म्हाळू सावलीसारखा मागे होता. दर समेला 'धा' नेमका पडे आणि गावकऱ्यांच्या माना एकदम डोलत. पहिल्यापहिल्याने राजगिऱ्यानेही लाज राखली. पण राजगिरा तो राजगिरा! हवेने वाळू लागला. आधी कड सुटली, मग मध्ये भेग पडली. म्हाळूने डावा हात अलगद टाकायला सुरुवात केली, आजाऱ्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. शेवटी एका जोरकस थापेला सबंध पापडी उडाली आणि थेट बुवांच्या मांडीवरच्या शालजोडीत जाऊन पडली!

पखवाज 'टण्' वाजला. मडकेच! म्हाळूचे हात थांबले.

बुवांनी तंबोरा खाली ठेवला. पापडी दोन बोटांत उचलून सर्वांना दाखवली. "पारणं झालं वाटतं तुझ्या लेकराचं! ऊठ गुरवा. आता शब्द पाळ."

म्हाळू उठला. पखवाज त्याने दोन्ही हातांवर घेतला. बाप मरताना म्हणाला होता, "देऊळ एका जागी बसतंय, ह्यो तुला हिंडवील." डोळ्यांतल्या पाण्याने त्याला गाभाऱ्याची वाट दिसेना. गावातले लोकही आता हसत नव्हते. भागूकाकूंनी तर बुवांकडे पाहून कडाकडा बोटे मोडली.

एवढ्यात घोंगडी हलली. महाराज जांभई देत उठून बसले.

"का रे म्हाळू, थांबलास का? मला छान झोप लागली होती. गाणं थांबलं आणि जाग आली."

भागूकाकूंनी एका दमात सगळी हकीकत सांगितली. महाराज म्हणाले, "अरेरे! काल नांदोशीचा उपास, आज आपला. दोन दिवस लेकराला उपाशी ठेवलंत, मग ते बोलणार कसं? आण इकडे."

महाराजांनी घोंगडीखाली हात घातला, थोडा वेळ चाचपले, आणि बाहेर काढली एक दशमी! दुधात मळलेली, तव्यावर खरपूस भाजलेली गव्हाची दशमी. अर्धी खाल्लेली. एका कडेला दातांची खूण आणि लसणीच्या चटणीचा लाल डाग.

सभा थक्क झाली. एकादशीला गहू, तोही महाराजांच्या हातात, आणि वर लसूण! आता बुवा कडाडणार म्हणून सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले. त्यांचा हात मात्र शेजारच्या पडशीत गेला, तळापर्यंत फिरला आणि रिकामा बाहेर आला. तोंड असे झाले होते, जणू पापडी मांडीवर नव्हे, घशात अडकली होती.

महाराजांनी दशमीवर तांब्यातल्या पाण्याचे चार थेंब शिंपडले आणि ती तळहातावर मळू लागले. आणि काय आश्चर्य! मळता मळता तिच्यावरचे भाजल्याचे डाग गेले, चटणीचा रंग गेला, दातांची खूण बुजली. महाराजांच्या हातात कच्च्या कणकेचा मऊ, पांढरा गोळा उरला! भाजलेली भाकरी पुन्हा पीठ झाल्याचे कोणी ऐकले आहे का? वेळुखिंडीने ते डोळ्यांनी पाहिले. महाराजांनी गोळा पखवाजाच्या डाव्या पुडीवर थापला आणि म्हणाले, "वाजव. आणि बुवा, तुम्ही गा. मी पुन्हा आडवा होतो."

म्हाळूने थाप मारली. अहाहा! तो घुमारा ओढ्यापलीकडच्या टेकडीला लागून परत आला. बुवांनी सूर धरला खरा, पण त्यांचे चित्त ठिकाणावर नव्हते. एक डोळा पडशीकडे, एक घोंगडीकडे. अशा माणसाच्या मात्रा कुठून जुळणार? आणि बुवा चुकले! चौताल ज्यांच्या घरात पाणी भरत होता, ते बुवा दोन मात्रा आधीच समेवर येऊन उभे राहिले.

म्हाळूला ते तत्क्षणी कळले. नुसते सरळ वाजवत राहिला असता तरी बुवांची भर सभेत शोभा झाली असती. पण गवयाला उघडे पाडायला बापाने त्याला शिकवले नव्हते. म्हाळूने दोन मात्रा हातातल्या हातात गिळल्या, एक बोल वाकवला, आणि बुवा जिथे चुकून उभे होते तिथेच दणदणीत 'धा' दिला. लोकांना वाटले, काय सुंदर सम! टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या थांबल्या, पण बुवांनी पुढची ओळ घेतलीच नाही. त्यांनी तंबोरा बाजूला ठेवला. घोंगडीतून महाराजांचा एक डोळा उघडा दिसत होता आणि तो हसत होता. बुवांना तो डोळा सहन होईना.

"महाराज!" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ती दशमी माझी आहे."

सभेत कुजबुज उठली.

"काल संस्थानात स्मार्त एकादशी केली. आज पुन्हा उपास, ते मला झेपेना. दुपारी जपाचं निमित्त करून ओढ्याकाठी बाभळीआड बसलो आणि अर्धी दशमी खाल्ली. उरलेली पडशीत लपवली. आणि याला मात्र पखवाजापुरता गहू मिळू दिला नाही. तुम्हाला सगळं ठाऊक होतं, तरी माझं नाव घेतलं नाहीत. आणि आता सम चुकलो तो मी. यानं ती झाकली. मंडळी, तुम्हाला कळलंसुद्धा नाही. मला कळलं."

कोणाला हसावे की रडावे ते समजेना. महाराज मात्र शांतपणे म्हणाले, "बुवा, भूक लागणं हे काही पाप नाही. मुरलीधर तरी कुठे उपाशी राहायचा? चोरूनच खायचा! पण एक सांगतो, चटणीत लसूण फार झाला होता. घोंगडीला अजून वास येतोय."

मग जो हशा पिकला! त्या हशात बुवाही डोळे पुसत सामील झाले. शालजोडी सांभाळायचे भान न ठेवता ते पुढे सरकले आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला वाकले. महाराजांनी पाय झटकन घोंगडीत ओढून घेतले.

"माझ्याकडे काय आहे? तुमची लाज ज्यानं राखली तो तिकडे बसलाय."

बुवा वळले. दरबारचा गवई गावोगाव हिंडणाऱ्या गुरवापुढे गुडघ्यांवर बसला आणि वाकला. एवढा मोठा गुणी माणूस आपल्या पाया पडतोय, म्हणजे काय! "आवं आवं बुवा, ह्ये काय करताय!" असे म्हणत तोही गडबडीने त्यांच्या पायांवर वाकला. दोघे एकाच क्षणी खाली आले आणि दोन्ही डोकी टक्कन एकमेकांवर आदळली.

महाराजांनी घोंगडीतून दोन्ही हात बाहेर काढून टाळी दिली.

"हां! आता आली सम!"