आतली कडी

एका नगरीत एक तरुण न्यायाधीश होऊन गेला. हुशार, पण हुशारीचा ताठाही तेवढाच.

एकदा त्याच्यापुढे सटवाजी तांबट उभा राहिला. अफूपायी त्याने देवळातली समई चोरली होती. निकाल लागेपर्यंत त्याला व्यसनमुक्तीच्या मठात ठेवलं होतं आणि वर्षभरात बापडा माणसात आला होता. शिक्षा ठरली एका वर्षाची. त्याच्या बायकोने पदर पसरला. “महाराज, मठातलं वरीस शिक्षेत धरा, म्हंजी आजच घरी येतील. तुरुंगात अफू मिळती म्हनत्यात. तिथं हे टिकायचं न्हाईत.”

“मठाला कुलूप होतं?”

“न्हाई जी.”

“मग तो कसला तुरुंग? गरम जेवण आणि भजन! एक दिवसही धरणार नाही.”

सटवाजी तुरुंगात गेला. आठवड्याने न्यायाधीशाने हे मोठ्या ऐटीत आपल्या वृद्ध गुरूंना सांगितलं. गुरू उठले. त्याला मठात, सटवाजीच्या रिकाम्या खोलीपाशी घेऊन गेले, त्याच्या कमरेची तंबाखूची चंची काढून बाहेरच्या खुंटीला अडकवली आणि म्हणाले, “आत बस. कडी आतून लाव. दिवेलागणीपर्यंत उघडू नकोस.”

म्हाताऱ्याला चळ लागला की काय! तरी शिष्य बसला. आधी जांभया आल्या, मग डोकं ठणकू लागलं, मग गुरूंचाच संताप आला. हात कडीकडे गेला तेव्हा त्याला दिसलं, कडीभोवतीचं लाकूड नखांनी ओरबाडलेलं होतं. त्याने कडी काढली. ऊन अजून अंगणात होतं.

गुरू पायरीवरच बसले होते. “तुरुंगाची कडी दुसरा लावतो, बाबा. इथे रोज तिन्हीसांजेला ज्याची त्याने लावायची, अशी रीत आहे. सटवाजीने ती वर्षभर लावली. तू म्हणालास, ही कैदच नव्हे.”

चंची खुंटीलाच राहिली. शिष्य सुटकेचा हुकूम घेऊन तुरुंगाकडे धावला, वाटेत सटवाजीच्या बायकोलाही बोलावलं. सटवाजी बाहेर आला तो झोकांड्या खात, डोळे तारवटलेले. बायकोने एकवार त्याच्याकडे पाहिलं आणि ती मटकन खाली बसली.

“आता सोडलंत व्हय, महाराज?”

 मग ती उठली, नवऱ्याचा दंड धरला, आणि घराची वाट सोडून मठाच्या वाटेला लागली.

शिक्षा मोजणाऱ्याने कडी कोणत्या बाजूला होती, हे आधी पाहावं.