खळीचा दिवस

फार फार वर्षांपूर्वी, माळावर माणसांपेक्षा मेंढ्या जास्त होत्या, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्त कान देऊन ऐकावी.

त्या दिवशी गावात विशेष असे काहीच नव्हते. लिंबाखाली न्हावी पाटलाची दाढी करत होता. एक गाल झाला होता, तेवढ्यात राजाचा स्वार आला आणि त्याने हुकूम वाचला.

"जो आपल्या गावात धंदा चालवून गावातल्या हातांना काम देईल, त्याला तीन वर्षे राजाच्या कोठारातून कच्चा माल मिळेल. पौर्णिमेच्या आत अंमलदार येईल. ज्याच्या दारी काम चालताना दिसेल, त्याचेच नाव लिहिले जाईल."

पाटील तसाच अर्ध्या दाढीने उठला आणि म्हाळसाबाईच्या दारी गेला.

म्हाळसाबाई घोंगड्या विणायची. नवऱ्यामागे माग तिनेच सांभाळला होता. अकरा बायका तिच्याकडे लोकर पिंजायला, कातायला यायच्या. पण यंदा रोगाने मेंढ्या मेल्या आणि लोकर संपत आली.

बातमी ऐकून ती खालीच बसली. "देवच पावला म्हणायचा. एवढा ताणा विणून झाला की चरखे माळ्यावर टाकणार होतो. मग बाया परमुलुखात दगड फोडायला जाणार होत्या." मग तिने पाटलाकडे नीट पाहिले आणि हसली. "पण पाटील, चांगली बातमी आणायची तर दुसरा गाल तरी करून यायचं!"

"तुझं नाव पहिलं लिहवून घेतो, बाई. शब्द देतो," पाटील म्हणाला.

अंमलदार आला तो नेमका खळीचा दिवस होता. घोंगडीच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची चिकट खळ लावावी लागते आणि तो लांबच लांब ताणून उन्हात वाळवावा लागतो. अंगणात तो मावत नाही. त्या दिवशी माग रिकामा ठेवून, चरखे झाकून, सगळ्या बायका ओढ्यापलीकडच्या माळावर जात. गावात हे पोरासोरांनाही ठाऊक होते.

दुपार टळली होती. कुंभाराचा आवा आणि लोहाराचा भाता पाहून अंमलदार घामाघूम झाला होता. पाटलाच्या घरी पाने मांडलेली होती. म्हाळसाबाईच्या दारात एक शेळी तेवढी रवंथ करत होती.

"इथे कुणीच नाही. धंदा बंद पडला का, पाटील?" अंमलदाराने विचारले.

वाऱ्यावरून बायकांच्या गाण्याचा सूर पुसट येत होता. पाटलाला तो ऐकू आला. पण राजाच्या माणसाला पुन्हा उन्हात कोसभर कसे चालवायचे? जेवण झाल्यावर सांगू, असे त्याने मनाशी ठरवले.

"आज तरी बंदच दिसतोय, सरकार. चला, पानं वाढलीत," तो म्हणाला.

जेवण झाले. अंमलदाराचा तिथेच डोळा लागला. उठला तो थेट घोड्यावर बसून निघून गेला.

कुंभाराला आव्यासाठी लाकूड मिळाले, लोहाराला लोखंड. म्हाळसाबाईचे नाव यादीत नव्हते. ती चावडीवर आली.

"पाटील, तुम्ही बरोबर होता ना? आज खळ आहे म्हणून सांगितलं नाहीत?"

"ते घाईत होते, बाई."

"असतील. मोठी माणसं." ती जायला वळली. "आमचंच चुकलं. खळ एक दिवस पुढं ढकलायला हवी होती."

पाटील मान खाली घालून पागोट्याचा शेमला नीट करत राहिला.

महिन्याभरात म्हाळसाबाई आणि तिच्या अकरा बायका परमुलुखात गेल्या. खळीचे दिवस येऊन गेले. माळावर गाणे नव्हते. पाटलाला घास गोड लागेना. शेवटी तो पायी राजधानीला गेला आणि अंमलदाराला त्याने सारे खरे सांगितले.

अंमलदाराने यादी उघडून पाहिली. मग म्हणाला, "तो माळ म्हणजे तिचं दारच की, पाटील. मी चाललो असतो कोसभर. तुम्ही एकदा म्हणायचं होतंत."

त्याने हुकूम काढला. लोकरीच्या गाड्या गावात आल्या, आणि पाटील स्वतः म्हाळसाबाईला आणायला परमुलुखात गेला. तिथल्या खाणीवर त्याला समजले की पावसाळ्याआधीच ती तापाने गेली. माग चालवणे फक्त तिलाच येत होते. बाकीच्या बायका पांगल्या होत्या. लोकर चावडीत पडून राहिली आणि तिला कसरीची कीड लागली.

राजाची मदत गावापर्यंत येते. ती दारापर्यंत नेण्याचे काम गावाला ओळखणाऱ्याचे असते, आणि ते त्याच घडीला करायचे असते.

चूक तुझी नव्हती, एवढे म्हाळसाबाईला सांगायचे मात्र राहून गेले.