लिंबाईचा ओला ताणा

फार वर्षांपूर्वी, बोरपेठेत घरटी एक माग होता आणि सगळ्या मागांची मिळून एक चावडी होती, तेव्हाची ही गोष्ट. कोष्ट्यांची चावडी म्हणत तिला. भांडणं तिथं मिटत, पोरकी पोरं तिथं विणायला शिकत, आणि जिला घर नाही तिचा माग तिथं बसे. लिंबाई कोष्टीण अशीच विधवा. तिचं घरदार म्हणजे ती चावडीच.

एकदा गडावरून नवा किल्लेदार उतरला. चावडी त्याला फार आवडली, पण घोड्यांसाठी! "आजपासून इथं पागा," म्हणाला. पंच चांगले मिशाळ, पण सगळ्यांनी माना खाली घातल्या. काय जाळायच्यात असल्या मिशा?

लिंबाई उठली. वर्षभर जमवलेलं सगळं सूत तिनं काढलं, चावडीच्या खांबापासून दारातून थेट रस्त्यापर्यंत उभ्या धाग्यांचा ताणा ताणला आणि कुंच्यानं त्याला खळ लावू लागली. आता कोष्ट्यांचा जुना नेम असा, की खळ लावलेला ताणा वाळेपर्यंत कुणी ओलांडायचा नाही, राजानंसुद्धा नाही. किल्लेदारालाही हे ठाऊक होतं. उन्हाकडे बघून तो हसला. "वाळेपर्यंत थांबतो," असा शब्द त्यानं चारचौघांत दिला आणि तिथंच फसला.

लिंबाईनं कुंचा खाली ठेवलाच नाही. सूत सुकू लागलं की पुन्हा खळ.

"लिंबे, सूत कुजंल की गं तुझं!" शेजारीण कळवळली.

"कुजू दे. सूत पुन्हा कातता यील. चावडी कुठं कातता येती?"

मग घराघरातून खळ आली. ती संपली तेव्हा बायकांनी चुलीवरची पेज आणली, लेकरांच्या तोंडची. पंचही आले, मान खाली घालूनच, पण कुंचे घेऊन. ऊन आग ओकत होतं, तरी ताणा वाळेना. असं म्हणतात, की सूर्यानंच त्या गल्लीवरून नजर वळवली.

शेवटी किल्लेदारानं शब्द मोडला आणि घोडा पुढं घातला. घोड्यानं ताण्याला नाक लावलं आणि गुडघे टेकले. मागचे सगळे घोडेही बसले, ते उठेचनात. किल्लेदार गडावर पायी गेला, असं म्हणतात.

सूत मात्र कुजलंच. त्या वर्षी लिंबाई जुनेरं नेसून राहिली. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

आजही वैशाखात बोरपेठेत चावडीच्या दारात ताणा लागतो, त्याला घरोघरची खळ लागते. आणि कधी कुणी साहेब चावडीची जागा मागायला आलाच, तर त्याला गूळपाणी देतात, बसायला घोंगडी देतात, आणि एखादी म्हातारी सांगते, "थांबा जरा. लिंबाईचा ताणा अजून वाळला न्हाई."