काठच्या गवतातली अंडी

धरणाला नुकतीच लोखंडी दारं बसली होती, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या मरळ माशांची एक रीत होती. अंडी काठच्या गवतातच घालायची आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत खाली पहारा करायचा.

तिवळी नावाच्या मरळीची ती पहिलीच अंडी. ती म्हणाली, "भागाआजी, दारं उघडली की पाणी हातभर उतरतं. यंदा खोल शेवाळात घालू या की."

"काल अंड्यातून बाहेर आलीस आणि मला पाणी शिकवतेस?" भागाआजी फिसकारली. बाकीच्या म्हाताऱ्या हसल्या. डोकं न चालवता हसणं त्यांना छान जमायचं. तिवळी गवतात अंडी घालून आली.

दुसऱ्या दिवशी दारं उघडली. पाणी आवाज न करता मागे सरलं आणि गवत उन्हात उघडं पडलं. अंड्यांत काळे डोळे आले होते. ते सगळे पाण्याकडे बघत होते. दुपारपर्यंत एकेक डोळा पांढरा झाला.

खाली पाण्यात, तळच्या चिखलाशी म्हाताऱ्या रांगेने पहाऱ्याला उभ्याच होत्या.

"आजी, अंडी वर राहिली!" तिवळी किंचाळली.

"ओरडू नकोस," भागाआजी म्हणाली. "बघ, कशी शहाण्यासारखी झोपलीत."