गोदीवाडीतला ठोक्याचा वासा

गोदीवाडीच्या धक्क्याखाली चिखलात एक सागवानी वासा अर्धा पुरलेला आहे. त्याच्या मधोमध ओंजळीएवढा खळगा पडलाय. पाहुणे विचारतात, हा पाण्याने झिजला का? मग आमचे भागोजी तांडेल होडी धक्क्याला बांधून सांगायला बसतात.

खूप वर्षांपूर्वी इथे एका इंग्रज साहेबाची गोदी होती म्हणे. घाटाखालून साग नदीतून तरंगत यायचा. दोनशे माणसे जहाजे बांधायची. पाणी शिरू नये म्हणून फळ्यांच्या फटींत कापूस ठोकायच्या लाकडी मोगऱ्यांचा आवाज उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत चालायचा. वाडीतली पोरे त्या ठोक्यांवरच झोपायची. वेगळी अंगाई कुणाला लागतच नव्हती.

मग विलायतेहून लोखंडी आगबोटी आल्या. लाकडी जहाज कुणी मागेना. शेवटचे जहाज अर्धे बांधलेले तसेच सोडून साहेब निघून गेला. पुरुष मुंबईच्या गोदीत कामाला गेले. धाकू मेस्त्रीही गेला. मागे बायको तानू, तिच्या पदरात दोन महिन्यांची लेक. पण धाकूची मोगरी खुंटीलाच राहिली होती. म्हातारे तानूला म्हणाले, मेस्त्री मोगरी टाकून जात नाही, महिन्याभरात येतो बघ.

गोदी गप्प झाली आणि तानूची लेक झोपेना. दूधही ओढीना. दृष्ट काढून झाली, वैद्याची घुटी झाली. चौथ्या दिवशी तर पोरीचा रडायचाही आवाज निघेना. तेव्हा पोरीला ठोके हवेत हे तानूच्या ध्यानात आले, असे सांगतात. तिने अर्ध्या जहाजाला झोळी बांधली, पोरीला आत घातले आणि मोगरी घेऊन तळच्या वाशावर ठोकू लागली. बारा ठोक्यांत पोरीचे डोळे मिटले. तानूने आधी तिच्या नाकाशी बोट धरून पाहिले. श्वास होता. पण हात थांबला तशी पोर दचकून उठली. पुन्हा ठोके.

शेजारची गोदाक्का धक्क्यावरून हसली. "काय गो मेस्त्रीणबाई, जहाज पाण्यात कधी सोडतेस?"

दिवस कलता तिला तानूचे फुटलेले तळवे दिसले. मग तिने मोगरी आपल्या हातात घेतली. तिचाही नवरा मुंबईलाच होता. पुढे बायकांनी पाळ्या लावल्या. रोज ठोके थोडे कमी, थोडे सावकाश. पोर दूध ओढू लागली.

शिमग्याला एक जण मुंबईहून आला. तो सांगू लागला, तिथे सगळे काम लोखंडाचे, लाकडी मोगरीला विचारतो कोण, म्हणून धाकूने ती नेली नाही. इतके दिवस तानू खाडीकडे बघत ठोकायची. त्या दिवसापासून खाडीकडे पाठ करून उभी राहू लागली. गोदाक्काने विचारले, तेव्हा एवढेच म्हणाली, "होडी दिसली की माझा हात थांबतो. हात थांबला की पोर उठते."

धाकू आला नाही. लेक जगली. जहाजाच्या फळ्या कुणाच्या दाराला लागल्या, कुणाच्या चुलीत गेल्या. वासा तेवढा राहिला.

आजही वाडीत बारसे असले, की नाव ठेवण्याआधी त्या वाशावर बारा ठोके पडतात. ते मारायचे जिचा नवरा परगावी आहे तिने, खाडीकडे पाठ करून. बाकीच्या बायका मात्र खाडीकडे तोंड करून उभ्या राहतात. होडी आलीच, तर ठोकणारीला कुणीतरी सांगायला हवे.