कमान कोणाची?

येसाजी गवंडी पुरता गोंधळून गेला होता. ओढ्यावरच्या पुलाची दगडी कमान त्यानंच बांधली होती, पण आज दिवाणसाहेबांसमोर पोथी उघडून शास्त्रीबुवा विचारत होते, "यातली कीलशिला कोणती? स्कंधशिला कोणती? उत्सेध किती?"

येसाजीनं एकदा पोथीकडं पाहिलं, एकदा कमानीकडं. असले दगड आपण कधी बसवले, हेच त्याला आठवेना.

"बघा, एक नाव येत नाही!" शास्त्रीबुवा दिवाणांना म्हणाले. "शास्त्र माझं, तेव्हा कमानही माझी. पुलावर माझंच नाव कोरा."

दिवाणांनी मान डोलावली. येसाजीनं डोकं खाजवलं आणि हात जोडले.

"बरं झालं बुवा, माझा घोर मिटला! आज कमानीखालचे लाकडी टेकू काढायचेत. ते काढताना कमान बांधणाऱ्यानं तिच्याखाली उभं राहायचं, ही आमची रीत. चला, उभे राहा."

शास्त्रीबुवांनी वर पाहिलं आणि पोथी मिटली. "माझं आपलं... नुसतं शास्त्र," ते पुटपुटले.

मग येसाजीच खाली जाऊन उभा राहिला. टेकू निघाले. कमान जागची हलली नाही.

"दिवाणसाहेब," तो खालूनच ओरडला, "मला दगडांची नावं येत नाहीत, पण माझं नाव दगडांना ठाऊक आहे!"