दौलूतात्यांचा हेर

सोनवड्यात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. गावात शहाणी माणसं फार झाली होती, त्यामुळे एखादा तरी भोळा असणं गरजेचं होतं, आणि ते काम केरबा मन लावून करायचा. कुणी सांगेल ते करायचा. सांगेल तेवढंच करायचा.

नदीपलीकडे चांदेवाडी. दरसाल जत्रेत दोन्ही गावांची कबड्डी व्हायची. रीत अशी, की हरलेल्या संघानं जिंकलेल्यांच्या पंगतीची भांडी घासायची. सोनवडेकर लागोपाठ तीन वर्षं घासत होते. त्यात संघाचे कप्तान दौलूतात्या, आणि चांदेवाडी नेमकी त्यांची सासुरवाडी. सासरे ढेकर देऊन उठायचे आणि जावई त्यांचं ताट घासायला बसायचे. सासूबाई पदर सावरत म्हणायच्या, "जावईबापू, कडंला जरा राख लावा." केरबाला हे बघवत नसे. त्याला तात्यांची मनापासून दया यायची.

"यंदा भांडी घासावी लागली तर त्या गावात परत पाऊल ठेवणार न्हाई," असं तात्यांनी बायकोला सांगून टाकलं. "मग मी एकलीच जाते, आन् तिकडंच ऱ्हाते," असं बायकोनं तात्यांना सांगून टाकलं.

हरण्याचं कारण तात्यांनी शोधून काढलं होतं. सराव कमी पडतो, असं काही अडाणी लोक म्हणत. तात्यांचं म्हणणं, समोरच्या संघाची माहिती कमी पडते. सरावानं घाम येतो, माहितीनं येत नाही, म्हणून सगळ्या संघाला हे लगेच पटलं. पण माहिती काढायला जाणार कोण? बाकी सगळ्यांना चांदेवाडीकर ओळखत होते. त्यांची भांडी घासणाऱ्यांना ते विसरतील कसे! केरबा मात्र लांबूनच बघायचा, त्यामुळे त्याला तिथं कुणी ओळखत नव्हतं.

"केरबा, जा आन् त्यांचा खेळ नीट बघून ये," तात्या म्हणाले.

केरबा गेला. मैदानाच्या कडेला बसला. खेळ नीट बघितला आणि परत आला.

"काय बघितलंस?"

"खेळ."

"कसा हुता?"

"झकास! म्या टाळ्या वाजवल्या."

तात्यांनी कपाळावर हात मारला. "आरं, नुसतं बघून काय करू? मानसानं तोंड उघडावं. त्यांच्यात कच्चा गडी कोन, पक्का कोन, इचारावं!"

"बरं तात्या. पुढच्या खेपंला तसंच करतो."

केरबा पुन्हा गेला. मैदानाच्या मधोमध उभा राहिला आणि त्यानं तोंड उघडलं. "राम राम मंडळी! सोनवड्याच्या दौलूतात्यांनी इचारलंय, तुमच्यात कच्चा गडी कोन?"

चांदेवाडीकर पोट धरून हसले. सासऱ्यांनी निरोप दिला, "जावयाला म्हनावं, कच्चा कुनी न्हाई. पातेली मातुर यंदा जादा हाईत."

निरोप ऐकून तात्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आरं, नाव सांगून कुनी इचारतं व्हय? त्यांच्यातलाच एक होऊन ऱ्हा. त्यांच्या कामाला हात लाव, काय अडलं-नडलं तर मदत कर. मग संशय येत न्हाई."

"बरं तात्या. पुढच्या खेपंला तसंच करतो."

तिसऱ्या खेपेला केरबा चांदेवाडीकरांचाच झाला. त्यानं त्यांचं मैदान झाडलं, पाणी मारलं, खेळाडूंचे पाय चेपले. असा कामसू माणूस तात्यांच्या संघात एकही नव्हता. संध्याकाळी तो हसत हसत परत आला.

"तात्या, त्यांचा तो येसाजी हाय न्हवं, पक्का गडी? झेप घ्यायच्या आदी त्यो मांडीवर थाप मारतो. थाप ऐकली की कळतंय, आता आला!"

तात्यांनी आनंदानं केरबाला मिठी मारली. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना सुटल्यासारखं वाटलं. "शाब्बास! आता बघतोच त्याच्याकडं!"

"आता न्हाई मारत त्यो थाप."

"का?"

"म्या सांगितलं त्याला. बसून सवय मोडून घेतली. तुमीच म्हनला, मदत कर."

तात्यांनी मिठी सोडली.  ते असे ओरडले की भिंतीवरची पाल पळाली. "गाढवा! दोष दिसला तर आपल्या मानसाला सांगायचा! तितल्या तितं! कान फुटंस्तवर वरडून!"

"बरं तात्या. पुढच्या खेपंला तसंच करतो."

पण पुढची खेप नव्हती. दुसऱ्या दिवशी सामनाच होता.

सामना मात्र रंगला. दोघांचे गुण बरोबरीत आले आणि शेवटची चढाई सोनवड्याची राहिली. तात्या स्वतः गेले. "कबड्डी, कबड्डी" म्हणत घुसले, आणि काय नवल, येसाजीला शिवून मागे वळलेसुद्धा! रेषा दोन ढांगांवर होती. सासूबाई उठून उभ्या राहिल्या. तात्यांची बायको तर माहेरच्या माणसांत बसून नवऱ्यासाठी टाळ्या वाजवू लागली.

तेवढ्यात केरबाला दिसलं की तात्या उजव्या पायानं लंगडतात. आपला माणूस, आणि दोष तर ढळढळीत समोर. तो मैदानाकडेच्या खांबावर चढला आणि कान फुटेस्तोवर ओरडला, "तात्याऽऽ! तुमचा उजवा गुडघा कामातनं गेलाय! पळता येईना तुमाला!"

सगळं मैदान हसलं. तात्या जागच्या जागी थांबले. गर्रकन वळले आणि तितक्याच जोरात ओरडले, "गप ए गाढवा!"

पंचांनी शिट्टी मारली. कबड्डी म्हणायचं सोडून तात्या दुसरंच म्हणाले होते. दम तुटला, कप्तान बाद, सामना चांदेवाडीचा. त्यांना कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

तात्या खांबाखाली धावत आले. आता गुडघा अजिबात दुखत नव्हता.

"वरडायला तुला कुनी सांगितलं हुतं रं?"

"तुमीच की, तात्या," केरबा म्हणाला. मग जरा विचार करून त्यानं विचारलं, "आन् मधीच बोलायला तुमाला कुनी सांगितलं हुतं?"

हे त्यानं टोमणा मारायला विचारलं नव्हतं. बिचाऱ्याला खरंच वाटलं, एवढी मोठी चूक तात्या कुणी सांगितल्याशिवाय कशाला करतील!